घटक ७ : डिजिटल विपणन संस्था – घरगुती आरंभापासून संस्थेपर्यंत

७.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस
• डिजिटल विपणन संस्था म्हणजे काय व तिचे काम कसे चालते, हे सांगता येईल.
• घरातून सुरू झालेल्या अशा व्यवसायाच्या वाढीचे टप्पे व त्यातील अडचणी स्पष्ट करता येतील.
• या व्यवसायातील लेखनाचे व मराठी भाषेच्या जाणिवेचे स्थान सोदाहरण मांडता येईल.
• जाहिरातलेखकाच्या कायदेशीर व नैतिक जबाबदारीची चर्चा करता येईल.

७.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण वृत्तपत्र, आकाशवाणी व दूरचित्रवाणी यांसाठीच्या जाहिरातलेखनाचा परिचय करून घेतला. त्या माध्यमांसाठी काम करणाऱ्या जाहिरात संस्थांची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. मुंबईतील गिरगावात १९०५ साली सुरू झालेली बी. दत्ताराम आणि कंपनी ही देशातील सर्वांत जुन्या जाहिरात संस्थांमध्ये गणली जाते. अशा संस्थेला कार्यालय लागे, चित्रकार लागत आणि वृत्तपत्रांकडे पत असावी लागे. तेवढे भांडवल नसलेल्या माणसाला या व्यवसायात स्वतंत्रपणे उभे राहणे कठीण होते.

महाजालाने ही अट सैल केली. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी महाजाल सेवा सुरू केली. २००० साली गुगलने शोधनिकालांशेजारी जाहिराती देण्याची व्यवस्था आणली. या व्यवस्थेत लहान रकमेपासून जाहिरात देता येऊ लागली आणि तिचा परिणाम मोजताही येऊ लागला. २०१६ नंतर मोबाइलवरील महाजाल स्वस्त झाले. त्यामुळे तालुक्याच्या गावातील दुकानदारही आपली जाहिरात मोबाइलवर दिसावी अशी अपेक्षा करू लागला. ही अपेक्षा पूर्ण करणारी अनेक माणसे आज घरातील एका टेबलावर, एका संगणकाच्या आधारे काम करीत आहेत. त्यांपैकी काहींचे काम पुढे संस्थेचे रूप घेते. पुष्कळांचे काम मध्येच थांबते.

हा विषय मराठीच्या अभ्यासक्रमात का, असा प्रश्न आपणांस पडेल. या व्यवसायाचा कच्चा माल शब्द आहे, हे त्याचे उत्तर आहे. शोधासाठी टंकित होणारा शब्द, जाहिरातीचे शीर्षक, चित्रफितीची संहिता, तक्रारीला द्यावयाचे उत्तर, हे सारे भाषेचेच काम आहे. मराठीचा पदवीधर येथे कोणत्या बळावर उभा राहू शकतो व कोठे घसरू शकतो, याचा विचार या घटकात करावयाचा आहे.

७.२ विषय-विवेचन

७.२.१ डिजिटल विपणन संस्थेचे कार्य

दुसऱ्याच्या वस्तूची वा सेवेची माहिती महाजालावरून योग्य लोकांपर्यंत पोहोचविणे आणि त्या कामाचा मोबदला घेणे, हे अशा संस्थेचे कार्य होय. या व्यवहारात दोन वेगळे पक्ष असतात. संस्थेला काम देणाऱ्या व्यावसायिकाला आपण या घटकात ‘ग्राहकसंस्था’ म्हणू. तिची वस्तू विकत घेणारा तो ‘ग्राहक’. पैसे ग्राहकसंस्था देते, पण मजकूर ग्राहकासाठी लिहावयाचा असतो. हा भेद विसरला की लेखक दुकानमालकाला आवडेल असा मजकूर लिहू लागतो आणि वाचक दूर जातो.

संस्थेच्या कामाचे स्थूलमानाने चार भाग पडतात. (अ) शोधयंत्रात संकेतस्थळ वरच्या स्थानी दिसावे यासाठी करावयाची रचना व लेखन. (आ) पैसे भरून दिलेल्या जाहिरातींचे व्यवस्थापन. (इ) समाजमाध्यमांवरील लेखन, चित्रे व संवाद. (ई) या सर्वांच्या परिणामांची मोजणी व अहवाल. घरातून काम सुरू करणारी व्यक्ती बहुधा यांपैकी एकाच भागात कुशल असते, परंतु ग्राहकसंस्था तिच्याकडून चारही भागांची अपेक्षा करते. वाढीची गरज प्रथम येथे निर्माण होते.

७.२.२ वाढीचे टप्पे

*पहिला टप्पा : एकहाती काम.* पहिले काम बहुधा ओळखीतून मिळते. नात्यातील कोणाचा दवाखाना, शेजाऱ्याचे मंगल कार्यालय, मित्राचे फराळाचे दुकान. ओळखीमुळे काम सहज मिळते, मात्र दर ठरविताना तीच ओळख आड येते. ‘घरचेच काम आहे’ या शब्दांत मोबदल्याचा प्रश्न गुंडाळला जातो. म्हणून काम कोणते, किती, केव्हा आणि किती रुपयांत, हे एका पानावर का होईना, लिहून घेणे आवश्यक ठरते.

या टप्प्यावरचे दोन नियम विशेष महत्त्वाचे आहेत. पहिला नियम पैशांचा. जाहिरातीसाठी गुगल किंवा फेसबुक यांना द्यावयाची रक्कम आणि संस्थेचा मोबदला या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. जाहिरातीची रक्कम ग्राहकसंस्थेने स्वतःच्या खात्यातून थेट भरावी. ती संस्थेने आधी भरली आणि ग्राहकसंस्थेने देणे लांबविले, तर घरातील बचत दुसऱ्याच्या जाहिरातीत अडकते. दुसरा नियम मालकीचा. संकेतस्थळाचे नाव, जाहिरात खाते व परवलीचे शब्द ग्राहकसंस्थेच्या नावे असावेत आणि संस्थेला केवळ वापराची परवानगी असावी. त्यामुळे करार संपला तरी दोन्ही पक्षांना सन्मानाने वेगळे होता येते.

*दुसरा टप्पा : हातभार.* काम वाढले की चित्रे करणारा एक, चित्रफिती जोडणारा दुसरा असे बाहेरचे सहकारी कामापुरते घेतले जातात. आतापर्यंत जे ज्ञान एका डोक्यात होते ते आता दुसऱ्याला सांगावे लागते. ग्राहकसंस्थेची भाषा कोणती, तिला कोणते शब्द चालत नाहीत, चित्रात काय दाखवावयाचे, हे लेखी कळवावे लागते. अशा टिपणाला व्यवसायात ‘ब्रीफ’ म्हणतात. टिपण संदिग्ध असेल तर तेच काम तीन वेळा करावे लागते. व्यावहारिक लेखनातील नेमकेपणाचे मोल येथे रुपयांत दिसते.

*तिसरा टप्पा : संस्था.* मासिक मोबदल्याचे करार हाती आले की पगारी माणसे नेमता येतात. परंतु पगार दरमहा ठरल्या दिवशी द्यावा लागतो आणि येणे त्या दिवशी येईलच असे नाही. पुढील काल्पनिक उदाहरण पाहा. एका संस्थेला तीन ग्राहकसंस्थांकडून दरमहा अनुक्रमे ६०,०००, २०,००० व २०,००० रुपये मिळतात. एकूण उत्पन्न १ लाख रुपये. दोन सहकाऱ्यांचे पगार ५०,००० आणि इतर खर्च १५,००० रुपये वजा जाता मालकाच्या हाती ३५,००० रुपये उरतात. आता पहिली ग्राहकसंस्था काम थांबवते. उत्पन्न ४०,००० वर येते, खर्च मात्र ६५,००० च राहतो आणि दरमहा २५,००० रुपयांची तूट सुरू होते. कामाचा दर्जा तोच आहे, सहकारीही तेच आहेत. उत्पन्नाचा मोठा भाग एकाच ठिकाणाहून येत होता, एवढ्याच कारणाने दोघांची नोकरी धोक्यात आली.

या टप्प्यावर कायद्याची चौकटही माहीत असावी लागते. सेवा व्यवसायाची वार्षिक उलाढाल सामान्यतः २० लाख रुपयांच्या पुढे गेली की वस्तू व सेवा कराची नोंदणी करावी लागते. महाराष्ट्रात ठरावीक संख्येपेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेला २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमानुसार व्यवसाय सुरू केल्याची सूचना द्यावी लागते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमानुसार, नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उद्योगाचे देणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत चुकते करण्याचे बंधन खरेदीदारावर आहे. विलंब झाल्यास व्याजही द्यावे लागते. उद्यम नोंदणी केलेल्या लहान संस्थेला थकलेल्या बिलासाठी दाद मागण्याचा मार्ग या तरतुदीमुळे मिळतो.

७.२.३ एक अभ्यास-उदाहरण : सिएटल येथील मोझ

वाढीच्या कहाण्या बहुधा यश मिळाल्यावर सांगितल्या जातात, त्यामुळे मधली वर्षे त्यांतून गळून पडतात. अमेरिकेतील मोझ या संस्थेचे उदाहरण याला अपवाद आहे. तिचे सहसंस्थापक रँड फिश्किन यांनी २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘लॉस्ट अँड फाउंडर’ या पुस्तकात अडचणींचा हिशेबही मांडला आहे.

जिलियन म्यूसिग यांनी १९८१ मध्ये सिएटल परिसरातील लहान व्यावसायिकांना विपणनाचा सल्ला देण्याचे काम सुरू केले. २००१ मध्ये त्यांचा मुलगा रँड विद्यापीठाचे शिक्षण अर्धवट सोडून या कामात आला आणि दोघे संकेतस्थळे तयार करून देऊ लागले. तो काळ महाजाल व्यवसायांतील मंदीचा होता. कामे कमी, खर्च अधिक, अशा स्थितीत कर्ज वाढत गेले. व्याज व दंड धरून ते सुमारे ५ लाख डॉलरपर्यंत पोहोचले. शोधयंत्रविषयक काम ते बाहेरच्यांकडून करून घेत असत. त्यांचे पैसे देणे अशक्य झाल्यावर रँड यांनी ते काम स्वतः शिकावयास घेतले.

शिकताना जे समजले ते त्यांनी २००४ पासून ‘एसईओमोझ’ या संकेतस्थळावर लिहिण्यास प्रारंभ केला. शोधयंत्रे कशी चालतात, याविषयी त्या काळी बरेच जण मौन पाळत. फिश्किन यांनी ते ज्ञान सोप्या भाषेत, विनामूल्य मांडले. नवशिक्यांसाठी त्यांनी लिहिलेली मार्गदर्शिका मोठ्या प्रमाणावर वाचली गेली. या लेखनामुळे लोक त्यांना ओळखू लागले आणि सल्ल्यासाठी त्यांच्याकडे येऊ लागले. २००७ मध्ये त्यांनी स्वतःसाठी तयार केलेली संगणकीय साधने वर्गणी तत्त्वावर इतरांना देण्यास सुरुवात केली. त्याच वर्षी ११ लाख डॉलरची बाहेरची गुंतवणूक आली. पुढे सल्लागारीचे काम त्यांनी बंद केले व संस्था पूर्णतः साधनांच्या विक्रीकडे वळली. २०१२ मध्ये आणखी १ कोटी ८० लाख डॉलरची गुंतवणूक मिळाली आणि २०१३ मध्ये संस्थेने ‘मोझ’ हे नाव धारण केले.

कहाणी येथे थांबत नाही. २०१४ मध्ये फिश्किन यांनी मुख्य कार्यकारी पद सोडले. २०१६ मध्ये संस्थेने ५९ कर्मचाऱ्यांना कामावरून कमी केले. २०१८ मध्ये फिश्किन संस्थेतून बाहेर पडले आणि २०२१ मध्ये मोझ दुसऱ्या कंपनीच्या मालकीची झाली.

या उदाहरणातून तीन गोष्टी लक्षात घ्याव्यात. एक, संस्थेला संकटातून बाहेर काढण्यात स्पष्ट, उपयुक्त व सातत्यपूर्ण लेखनाचा मोठा वाटा होता. दोन, सेवा देणे व वस्तू विकणे हे दोन भिन्न व्यवसाय आहेत. सेवेत उत्पन्न वाढविण्यासाठी माणसे वाढवावी लागतात, तर साधनाच्या विक्रीत भांडवल आधी घालावे लागते. तीन, बाहेरचे भांडवल आले की वाढीचा वेग ठरविण्याचा अधिकार एकट्या संस्थापकाकडे राहत नाही. म्हणून पाच माणसांची, वेळेवर पगार देणारी संस्था ही अपुरी राहिलेली संस्था आहे, असे मानण्याचे कारण नाही.

७.२.४ मराठीतील काम : भाषिक अंगे

आता आपल्या भाषेकडे वळू. मराठीत हे काम करणाऱ्यास पुढील चार बाबींची जाण असावी लागते.

*(अ) शब्दांची रूपे.* इंग्रजीत शहराचे नाव वाक्यात सहसा बदलत नाही. मराठीत नामाला प्रत्यय लागताना त्याचे सामान्यरूप होते. ‘पुणे’ हा शब्द ‘पुण्यात’, ‘पुण्याला’, ‘पुण्यातील’, ‘पुण्याजवळ’ असा बदलतो. शोधणारा मनुष्य यांपैकी कोणतेही रूप लिहू शकतो. मजकुरात केवळ ‘पुणे’ हेच रूप वारंवार कोंबल्यास ‘पुणे मध्ये उत्तम घरे’ यांसारखी अडखळणारी वाक्ये तयार होतात. रूपांची स्वाभाविक विविधता राखणारा लेखक वाचकाचीही सोय पाहतो आणि शोधाचीही.

*(आ) पर्यायी शब्द, लेखन व लिपी.* एकाच गरजेसाठी लोक ‘दंतवैद्य’, ‘दातांचा डॉक्टर’ व ‘डेंटिस्ट’ असे तिन्ही शब्द वापरतात. कित्येकदा ते व्यवसायाचे नाव न लिहिता ‘दाढ दुखतेय, काय करू’ असा प्रश्नच लिहितात. ‘नाशिक’ व ‘नासिक’ अशी दोन लेखने आढळतात. अनेक जण मराठी शब्द रोमन लिपीत टंकित करतात. प्रमाणलेखन आपण पाळावेच, परंतु लोक कसे लिहितात याची नोंदही ठेवावी. बोली व समाजभाषा यांच्या अभ्यासात आपण जी निरीक्षणाची सवय लावून घेतली, ती येथे थेट उपयोगी पडते.

*(इ) संबोधन.* मराठीत वाचकाला ‘तू’, ‘तुम्ही’ किंवा ‘आपण’ म्हणता येते व प्रत्येक निवडीने नाते बदलते. महाविद्यालयीन मुलांसाठीच्या कपड्यांच्या जाहिरातीत ‘तू’ शोभेल. सहकारी बँकेच्या ठेवीदाराला तेच संबोधन खटकेल. ‘आपण’ तर दुहेरी आहे. ‘आपण ही ठेव ठेवावी’ यात तो आदरार्थी द्वितीय पुरुष आहे, तर ‘आपण मिळून झाडे लावू’ यात बोलणारा व ऐकणारा दोघेही आहेत. एकाच मजकुरात शीर्षकात ‘तुम्ही’ आणि खाली ‘आपण’ आले, तर दोन वेगवेगळी माणसे बोलत आहेत असे वाटते.

*(ई) अनुवादाचा ठसा.* मराठी जाहिरातींचा मोठा भाग इंग्रजी वा हिंदी मजकुरावरून केलेला असतो. ‘तुम्ही कशाची वाट पाहत आहात?’ हे इंग्रजी वळण आणि ‘मला मदत करा’ऐवजी ‘माझी मदत करा’ हे हिंदी वळण आता सरसकट दिसते. संपर्कातून भाषा बदलते, हे आपण भाषाविज्ञानात शिकलो आहोत आणि परभाषेतील प्रत्येक उसनवारीला दोष मानण्याचे कारण नाही. परंतु येथे निवड कोण करतो, हा प्रश्न आहे. मोबाइलवर दररोज समोर येणारी मराठी मराठीचा विचार न करणाऱ्या यंत्रणेतून येत राहिली, तर पुढील पिढीच्या कानाला तीच मराठी सहज वाटू लागेल. गावातील एका लहान संस्थेने फराळाच्या दुकानासाठी लिहिलेली चार नेटकी वाक्ये या प्रवाहात छोटीच असतील, पण ती मराठीत विचार करून लिहिलेली असतील.

७.२.५ लेखकाची जबाबदारी

नव्या संस्थेला पहिल्या वर्षी काम नाकारणे जड जाते. अशा वेळी एखादी ग्राहकसंस्था ‘मधुमेह मुळापासून बरा’ असे लिहून मागते. १९५४ चा औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम मधुमेहासह अनेक आजारांवरील औषधांच्या अशा जाहिरातींना मनाई करतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल उत्पादक व पुरस्कर्त्यावर १० लाख रुपयांपर्यंत, तर पुन्हा उल्लंघन केल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये समाजमाध्यमांवरील प्रभावी व्यक्तींनी मोबदला घेऊन केलेला प्रचार तसा स्पष्टपणे सांगावा, अशी मार्गदर्शक तत्त्वे दिली.

कायद्याच्या पलीकडेही एक विचार आहे. असे वाक्य वाचून कोणी चालू औषध थांबवू शकतो. ते वाक्य लिहिणारा त्या रुग्णाला कधी भेटत नाही, तथापि त्याच्या शब्दांवर त्या रुग्णाने विश्वास ठेवलेला असतो. दाव्याला पुरावा मागणे आणि पुरावा नसल्यास तो दावा न लिहिणे, हे लेखनकौशल्याचेच अंग मानावे.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. ‘ग्राहकसंस्था’ व ‘ग्राहक’ यांत कोणता भेद आहे?
२. जाहिरातीची रक्कम ग्राहकसंस्थेने थेट का भरावी?
३. ‘पुणे’ या शब्दाची सामान्यरूपाने घडलेली तीन रूपे लिहा.

७.३ सारांश

महाजालामुळे जाहिरात व्यवसाय अल्प भांडवलात, घरातून सुरू करणे शक्य झाले. एकहाती काम, बाहेरच्या सहकाऱ्यांचा हातभार आणि पगारी माणसांची संस्था, असे त्याच्या वाढीचे तीन टप्पे दिसतात. प्रत्येक टप्प्यावर कौशल्याइतकेच लेखी व्यवहाराला व पैशांच्या नियोजनाला महत्त्व असते. मोझच्या उदाहरणावरून लेखन हे व्यवसायाचे भांडवल कसे होऊ शकते आणि वाढीबरोबर कोणते प्रश्न येतात, हे आपण पाहिले. मराठीत काम करताना शब्दरूपे, पर्यायी शब्द, संबोधन व अनुवादाचा ठसा यांचे भान आवश्यक आहे. खोटा दावा न लिहिणे ही लेखकाची कायदेशीर व नैतिक जबाबदारी आहे.

७.४ पारिभाषिक शब्द

विपणन : वस्तू वा सेवा ग्राहकापर्यंत पोहोचविण्याची सर्व प्रक्रिया, मार्केटिंग.
शोधयंत्र : महाजालावरील माहिती शोधून देणारी व्यवस्था; उदा. गुगल.
ब्रीफ : कामाचे स्वरूप व अपेक्षा स्पष्ट करणारे लेखी टिपण.
सामान्यरूप : प्रत्यय लागण्यापूर्वी नामात वा सर्वनामात होणारा बदल.

७.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

१. संस्थेला काम व मोबदला देणारी ती ग्राहकसंस्था. तिची वस्तू वा सेवा विकत घेणारा तो ग्राहक.
२. देणे लांबल्यास संस्थेचे स्वतःचे पैसे अडकू नयेत म्हणून.
३. पुण्यात, पुण्याला, पुण्यातील.

७.६ स्वाध्याय

१. घरगुती आरंभापासून संस्थेपर्यंतच्या वाढीचे टप्पे सांगून प्रत्येक टप्प्यावरील एका अडचणीची चर्चा करा.
२. ‘मोझच्या वाढीत लेखनाचा वाटा मोठा आहे’ या विधानाचे परीक्षण करा.
३. मराठी जाहिरातलेखनातील संबोधनाचे महत्त्व स्वतःच्या उदाहरणांसह स्पष्ट करा.

७.७ क्षेत्रीय कार्य

आपल्या परिसरातील एखाद्या लहान व्यावसायिकास भेटा. त्याच्या वस्तूसाठी ग्राहक कोणकोणते शब्द वापरतात, याची किमान २० शब्दांची यादी त्याच्याशी व त्याच्या ग्राहकांशी बोलून करा. त्या यादीच्या आधारे ६० शब्दांची जाहिरात लिहा. त्यातील प्रत्येक दाव्यापुढे त्याचा पुरावा काय, हे नोंदवा. ज्या दाव्याला पुरावा मिळाला नाही तो गाळून जाहिरात पुन्हा लिहा आणि दोन्ही मसुदे संपर्कसत्राच्या वेळी समुपदेशकांना दाखवा.